शेवटचं वळण उंची ठेवून घे

बाई, हडपसरला ग्लायडिंग शिकायला निघालीस, बरं केलंस. मीही तिथंच शिकलो. विंच, एअरब्रेक, सर्किट हे सगळं तिथले गुरुजी शिकवतील. मी फक्त उतरायचं सांगतो, तेही डोंगराजवळचं.

शेवटचं वळण सगळ्यात जपून घे. माझंच ऐक. समोर डोंगर होता. डोळ्यानं त्याचा उतारच क्षितिज धरला आणि हातानं नकळत नाक वर घेतलं. वळण पुरं होईना म्हणून मी आतल्या बाजूचं पेडल दाबत गेलो. पंखांवरची वाऱ्याची शिट्टी बसली, दांडी हातात लोण्यासारखी मऊ झाली. मागच्या सीटवरून गुरुजींनी दांडी पुढं लोटली, म्हणून आज या ओट्यावर बसलो आहे. आणखी दोन सेकंद गेले असते तर आतला पंख आधी पडला असता, ग्लायडर गरगरलं असतं, आणि 100 मीटरवर ते सावरायला जागा नसते.

म्हणून डोंगराकडं बघून वेग ठरवू नको, काट्याकडं बघ. सरळ उडताना 65 ला पडणारं ग्लायडर 45 अंश तिरपं केलं की 77 लाच पडतं. काचेवर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो, तो मधोमध ठेव. वरच्या पंखाकडं जरासा झुकला तर चालेल. खालच्या पंखाकडं गेला की पेडल सोड.

वाऱ्याचंही तसंच. बंधाऱ्यावरून पाणी पडतं ना, तशी डोंगरामागं हवा कोसळते. हिवाळ्यात उत्तरेचा वारा जोरात सुटला की चिखलदऱ्याच्या 1100 मीटरच्या पठारावरून परतवाड्याच्या अंगाला तेच होणार. अशा बाजूला हिशेबापेक्षा जास्त उंची घेऊन ये. जास्तीची उंची एअरब्रेकनं टाकता येते, कमी पडलेली कुठून आणशील?

मैदान गाठता आलं नाही तर वावर. चढाचं असेल तर चढाकडं तोंड करून उतर. मात्र चढ समोर असला की आपण उगाच उंच आहोत असं भासतं आणि माणूस खाली खाली येतो. तुरीचं वावर वरून हिरव्या सतरंजीसारखं दिसतं. फसू नको, तूर डोक्याएवढी असते. पऱ्हाटी तर नकोच. हरभरा चालेल, वखरलेलं वावर त्याहून चांगलं, पण तासांच्या दिशेनंच टेक, आडवं नाही. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात, चाक अडकतं. पावसानंतर तीच माती चाक गिळते. धुरा वरून दिसत नाही, त्याच्यावरची बाभळीची रांग दिसते. विजेची तार तर दिसतच नाही. खांब शोध, आणि विहीर दिसली की तिथं मोटारीची तार आलेली आहे असंच धरून चाल.

वावर लवकर ठरव. एकदा ठरवलं की शेवटच्या क्षणी दुसरं छान दिसलं म्हणून वळू नको. कुंपणात घुसून पंख मोडला तर मोडू दे.

दिवाळीला आलीस की दर्यापूरच्या रस्त्यानं जाऊ, वावरं ओळखायला शिकवतो. आणि जाताना काकूकडून लाल लोकर घेऊन जा, पांढरा धागा ढगासमोर दिसत नाही.