उपक्रम झाला, पण उपयोग झाला का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात वर्षभर उपक्रम होतात. नॅकच्या मूल्यांकनासाठी अहवाल, फोटो, हजेरीपट सगळे तयार असते. पण मुलांना त्याचा उपयोग किती झाला, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. बाहेरचा तज्ज्ञ न बोलावता हे मोजायला आम्ही आपसात शिकू शकतो का?
– एक प्राध्यापक, जळगाव जामोद

उत्तर : नक्कीच. नमुना दूर शोधायला नको. जिल्हा परिषदेचे शिक्षक केंद्राकेंद्रांवर शिक्षण परिषदेला जमतात. पूर्वी याच धर्तीचे गटसंमेलन असे. एकमेकांचे काम पाहून शिकायचे, हा त्याचा गाभा. महाविद्यालयांत मात्र ही सवय फारशी नाही. नॅक १९९४ साली स्थापन झाली, पुढे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आले; पण कक्षाचा वेळ बहुधा फायली लावण्यातच जातो.

पाच-सहा जणांचा गट करा. त्यात ग्रंथपाल आणि लिपिकही हवेत; कोण यायचे बंद झाले, हे त्यांना लवकर कळते. उपक्रम एकच घ्या, समजा प्रथम वर्षाचा इंग्रजीचा ब्रिज कोर्स. तो सुरू होण्याआधीच ठरवा, की मुलाला शेवटी काय यायला हवे. उदाहरणार्थ, उतारा वाचून त्याचा आशय पाच वाक्यांत लिहिणे. दोन उतारे काढा. निम्म्या मुलांना पहिला आधी द्या, निम्म्यांना दुसरा. कोर्स संपल्यावर अदलाबदल करा. मग नावे झाकून सगळे कागद एकत्र मिसळा. कोणता कागद आधीचा, कोणता नंतरचा, हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळा तपासायचा. एकाच कागदाला एकाने दहापैकी चार आणि दुसऱ्याने सात दिले, तर तिथेच थांबा आणि बोला. आपण कशाला चांगले म्हणतो, हे त्या चर्चेत जेवढे उमगते तेवढे कुठल्याही कार्यशाळेत उमगत नाही.

कोर्स अर्ध्यावर सोडलेल्यांना आवर्जून गाठा. कापूस वेचणीच्या दिवसांत कोण शेतात गेले, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या मुलांची परतीची एसटी कधीची, हे अभिप्राय अर्जात उतरत नाही. अर्जावर नाव लिहायचे असेल, तर 'उत्तम'वरच खूण होणार.

एक अट प्राचार्यांनी लेखी मान्य करावी : गटाचे निष्कर्ष कोणाच्या गोपनीय अहवालात वा पदोन्नतीच्या फाइलमध्ये जाणार नाहीत. ही हमी नसेल, तर गट स्थापन करू नका. खरे आकडे कोणीही पुढे ठेवणार नाही.