मुका झालेला लॅपटॉप : आवाज कोठे अडतो, ते कसे शोधावे

स्मरणिकेसाठी आमच्याकडून लेख मागविला गेला, तेव्हा तो इतिहासावर असेल असे संपादक मंडळाने गृहीत धरले असावे. इतिहास हा आमचा विषय आहेच. परंतु गेल्या काही वर्षांत अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील माजी विद्यार्थी आम्हांस जे प्रश्न विचारतात, त्यांत एक प्रश्न पुनःपुन्हा येतो : "सर, लॅपटॉपचा आवाज गेला. एक सॉफ्टवेअर काढले आणि तेव्हापासून बंद आहे. दुकानदार म्हणतो फॉरमॅट करावा लागेल. करू का?" या प्रश्नाचे उत्तर नीट मांडण्यासाठीच हा पाठ.

प्रश्न यंत्राचा असला तरी त्याच्या पोटी इतिहासही आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. परिषदेचा छापील वृत्तान्त आज वाचता येतो. तेथला आवाज मात्र कोणी ऐकू शकत नाही. बाबासाहेबांचा आवाज आपल्याला भेटतो तो १९५५ साली बीबीसीने घेतलेल्या मुलाखतीसारख्या मोजक्या ध्वनिमुद्रणांतून. आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन आज कानांनी ऐकता येते, कारण ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे ते ध्वनिमुद्रित झाले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. सहा आठवड्यांचे अंतर! जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे मोठे काम हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी उभे केले. त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे आणि बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बायांनी गायिलेल्या भीमाच्या ओव्याही त्यांत आहेत. आपल्या वऱ्हाडातील दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट या भागांतल्या आजीबाई जे गातात ते मात्र बहुतांशी नातवाच्या मोबाइलमध्ये किंवा लॅपटॉपमध्येच असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स व डॉक्युमेंट्स ही खणे सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅट म्हणजे प्रथम त्याच ड्राइव्हची पाटी पुसणे. म्हणून आमचे पहिले उत्तर नेहमी एकच असते : आधी प्रत काढा, मग बाकीचे.

आता आवाजाचा मार्ग पाहू. आपण गीत लावतो तेव्हा ते वाजविणारा प्रोग्राम ध्वनीचे आकडे विंडोजच्या ध्वनिसेवेकडे देतो. ही सेवा ते ड्रायव्हरकडे सोपविते. ड्रायव्हर म्हणजे यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी. तो ते मदरबोर्डवरील ध्वनीच्या चिपपर्यंत पोहोचवितो. चिप आकड्यांचे विद्युत्‌लहरींत रूपांतर करते आणि स्पीकर त्या लहरींवर थरथरतो. शाळेत आम्ही हे समजावितो तेव्हा धरण, कालवा, पाटचारी आणि शेत अशी उपमा देतो. शेत कोरडे राहिले म्हणून कोणी शेत खणून काढीत नाही. पाणी कोणत्या दारावर अडले ते पाहतो.

ध्वनीची सारीच सॉफ्टवेअरे या मार्गात एकाच ठिकाणी बसत नाहीत, आणि येथेच सर्व गोम आहे. ऑडॅसिटीसारखा संपादनाचा प्रोग्राम कालव्याच्या काठावर बसून काम करतो. तो काढला तर प्रवाहाला सहसा धक्का लागत नाही. आवाज वाढविणारी, बास वाढविणारी सॉफ्टवेअरे मात्र ड्रायव्हरला चिकटून स्वतःचा एक थर घालतात. कराओके, आवाज बदलणे किंवा ऑनलाइन सभेसाठी वापरली जाणारी काही सॉफ्टवेअरे त्याहून पुढे जाऊन एक आभासी साउंड कार्डच निर्माण करतात आणि सर्व आवाज आपल्याकडे वळवून घेतात. असे सॉफ्टवेअर काढले की त्याचे दार जाते, पण कालवा त्या दाराकडेच वळलेला राहतो. चौथा प्रकार सर्वांत अधिक घडतो. प्रोग्रामांच्या यादीत हाय डेफिनिशन ऑडिओ असे काही नाव दिसते. जागा मोकळी करणारा मनुष्य ते निरुपयोगी समजून काढून टाकतो. तो प्रोग्राम नसून खुद्द ड्रायव्हरच असतो.

इतिहासाचा विद्यार्थी प्रथम घटनाक्रम लावतो. आवाज कधी गेला, त्याआधी काय काढले, त्याच दिवशी विंडोजचे अपडेट तर आले नव्हते ना? माणसाची स्मृती येथे फारशी भरवशाची नसते. परंतु विंडोज स्वतः रोजनिशी ठेवते. सर्चमध्ये रिलायबिलिटी हा शब्द इंग्रजीत टंकला की तारीखवार तक्ता उघडतो आणि कोणते सॉफ्टवेअर कधी आले, कधी गेले ते त्यात दिसते. आम्हांस हा तक्ता फार आवडतो. समकालीन साधन ते हेच.

त्यानंतर उलटतपासणी. खाली उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर फुली आहे काय? असल्यास, आणि आवाज केवळ म्यूट केलेला नसल्यास, विंडोजला आवाजाचे उपकरणच सापडत नसण्याची शक्यता असते, अर्थात ड्रायव्हरकडे पाहावे. चिन्ह नीट आहे, पण आवाज नाही, असे असेल तर गीत चालू ठेवून साउंड सेटिंग्जमधून जुने साउंड कंट्रोल पॅनल उघडावे. तेथे प्लेबॅकच्या यादीत प्रत्येक उपकरणापुढे एक पट्टी असते. स्पीकर्सपुढील पट्टी हिरवी होऊन नाचत असेल तर आवाज तेथवर पोहोचला आहे, अडथळा पुढे आहे. दुसऱ्याच उपकरणापुढे नाचत असेल तर पाणी भलत्या शेतात चालले आहे. आता यूएसबीचा किंवा ब्लूटूथचा इअरफोन लावून पाहावा. त्यात आवाज आला तर विंडोजची ध्वनिसेवा शाबूत आहे. दोष अंतर्गत साउंड कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये किंवा स्पीकरमध्ये आहे. एवढ्या दोन-तीन कसोट्यांना पाच मिनिटे लागतात, आणि निम्मे संशयित त्यांतच सुटतात.

प्रत्यक्ष उपाय सौम्यापासून कठोराकडे न्यावेत. प्लेबॅकच्या यादीत मोकळ्या जागी राइट-क्लिक करून बंद केलेली उपकरणे दाखविण्याचा पर्याय निवडावा, स्पीकर्स सुरू करावेत आणि त्यांस डिफॉल्ट करावे. त्यांच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स असतील तर ती बंद करावीत. काढलेल्या सॉफ्टवेअरचा उरलेला थर पुष्कळदा तेथेच अडून बसतो. व्हॉल्यूम मिक्सरमध्ये एखाद्या प्रोग्रामपुरता आवाज शून्यावर नाही ना, तेही पाहावे. नंतर सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज ऑडिओ व विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर या दोन्ही सेवा चालू आहेत आणि त्यांचा प्रारंभ ऑटोमॅटिक आहे याची खात्री करावी. पहिली सेवा दुसरीवर अवलंबून आहे. दुसरी बंद तर पहिली सुरूच होत नाही.

एवढ्यानेही भागले नाही तर डिव्हाइस मॅनेजर. येथे व्ह्यूमधून लपलेली उपकरणे दाखविली की काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे आभासी उपकरण कधी कधी फिकट अक्षरांत उरलेले दिसते. ते अनइन्स्टॉल करावे. मग खऱ्या साउंड कार्डावर राइट-क्लिक करून तेही अनइन्स्टॉल करावे आणि लॅपटॉप रीस्टार्ट करावा. हे करताना मुले घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. यात गीते वा फाइली जात नाहीत, केवळ दुभाषी बदलतो. विंडोज पुन्हा सुरू होताना उपकरण नव्याने ओळखते आणि आपल्याजवळचा ड्रायव्हर त्यास लावते. मात्र अनेक नव्या लॅपटॉपांत हा सर्वसाधारण ड्रायव्हर पुरत नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक पाहून निर्मात्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच ऑडिओ ड्रायव्हर घ्यावा. सर्व ड्रायव्हर फुकट शोधून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी प्रोग्रामांच्या वाटेस जाऊ नये. एक सॉफ्टवेअर काढून आजार झाला, तर त्यावर तीन नवी घालणे हे औषध नव्हे.

अकोल्याच्या एका माजी विद्यार्थ्याचा लॅपटॉप आमच्याकडे आला तो येथवरचे सर्व उपाय न होता, थेट फॉरमॅटची वेळ ठरवूनच. त्यात त्याच्या दिवंगत आईने भीमजयंतीला गायिलेली गीते होती आणि दुसरी प्रत कोठेही नव्हती. इअरफोनवर आवाज नाही, स्पीकरवर नाही. म्हणून फाइलीच बिघडल्या असाव्यात, असा त्याचा समज झालेला. आम्ही फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन शाळेच्या संगणकावर लावल्या. आईचा आवाज खोलीत भरला तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर वसतिगृहातील नववीच्या एका मुलीने, वर सांगितलेल्या क्रमानेच, आभासी उपकरण शोधून काढले. आवाज मोठा करणारे सॉफ्टवेअर महिन्यापूर्वी काढले होते, त्याची ती शिल्लक. ती काढून स्पीकर्स डिफॉल्ट केले आणि काम झाले. ज्या दुकानाने फॉरमॅट सुचविले होते त्याच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली असते. तेथे कार्यकारणभावाची अपेक्षा कितपत करावी, हा प्रश्न निराळा.

तरीही आवाज न आल्यास सिस्टम रिस्टोअर हा मार्ग आहे. पूर्वीचा रिस्टोअर पॉइंट साठविलेला असेल तर यंत्राची मांडणी त्या तारखेला परत नेता येते. वैयक्तिक फाइली तशाच राहतात; त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम व ड्रायव्हर तेवढे जातात. आणि स्पीकरच गेला अशी शंका असेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून पाहावे. ते लॅपटॉपवर न बसविता चालते. तेथे आवाज आला, तर स्पीकर जिवंत आहे आणि दोष विंडोजकडे आहे. तेथेही आला नाही, तर दोष यंत्राचा असण्याची शक्यता वाढते आणि मग दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढणे योग्य. दुकानात जाताना कोणत्या कसोट्या केल्या व काय आढळले ते कागदावर लिहून न्यावे.

राहता राहिला प्रश्न प्रतींचा. घरी जुन्या कॅसेटी असतील तर त्या अकोल्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नयेत. लॅपटॉपवर घेताना मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवावी. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ एमबी जागा घेते. नातेवाइकांना मोबाइलवर धाडण्यासाठी त्याचीच १२८ केबीपीएसची एमपी३ प्रत करावी, ती तासाला ५८ एमबीच्या आत बसते. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर व तिसरी दुसऱ्या गावच्या घरी असावी. फाइलीच्या नावात गाणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. नुसते "रेकॉर्डिंग १" असे ठेवू नये.