खुर्चीचे पैसे, उभ्याचा सामना

इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना पहिल्याच वर्षात मित्रांकडून विचारणा होते: आपल्या क्लबचा सामना बाहेरगावी आहे, येतोस का? लगेच दुसरा प्रश्न येतो, उभ्याचं तिकीट काढू की बसायचं? नवख्याला वाटतं, उभ्याचं स्वस्त असेल, एसटीच्या गर्दीत उभं राहायची सवय आहेच, तेवढेच पैसे वाचतील. प्रीमियर लीगमध्ये हा हिशेब चुकतो.

तिथे पाहुण्या संघाच्या समर्थकाकडून तिकिटाचे ३० पौंडांहून जास्त घ्यायचे नाहीत, असं क्लबांनी २०१६-१७च्या हंगामापासून ठरवून घेतलं आहे. पौंड ११५ रुपयांना धरला तर साधारण साडेतीन हजार रुपये. उभे राहा नाहीतर बसा, दर तोच. फरक पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. बसायचं तिकीट काढलं तरी पाहुण्यांच्या भागात बहुधा बसायला मिळत नाही. सामना सुरू होण्याआधीच पुढच्या रांगा उभ्या राहतात, मग मागच्यांना दिसत नाही, म्हणून तेही उठतात. नियमाप्रमाणे खुर्च्यांच्या भागात सतत उभं राहायला मनाई आहे. स्टुअर्ड येऊन सांगतातही, पण दोन-तीन हजार माणसं बसवणं त्यांच्याच्याने होत नाही.

यातला त्रास ऐकून कळत नाही. साध्या खुर्च्यांच्या रांगेत उभं राहिलं की पुढच्या खुर्चीची पाठ बरोबर नडगीवर येते. गोल झाला की मागचा लोंढा पुढे झुकतो, तोल जातो आणि माणूस त्या पाठीवरून पुढच्या रांगेत कोसळतो. निळीकाळी नडगी घेऊन परतणारे पुष्कळ असतात. यावर तोडगा म्हणून आता कठड्याच्या खुर्च्या आल्या आहेत. प्रत्येक रांगेपुढे कंबरेच्या उंचीला मजबूत लोखंडी दांडा आणि मागे दुमडणारी खुर्ची. ढकलाढकली झाली तरी दांडा धरता येतो, मध्यंतरात खुर्ची पाडून बसताही येतं. एका माणसाला एकच जागा, हा नियम तिथेही आहे.

ही सोय इतक्या उशिरा का आली, हे तिकीट काढणाऱ्याला माहीत असावं. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या एफए कप उपांत्य सामन्यात, जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या उभ्याच्या भागात चेंगराचेंगरी झाली. त्यात गेलेल्यांची संख्या आज ९७ धरली जाते. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने मैदानं पूर्ण खुर्च्यांची करायला सांगितलं आणि १९९४पासून वरच्या दोन विभागांत ते बंधनकारक झालं. मृतांच्या घरच्यांना न्यायासाठी सत्तावीस वर्षं झगडावं लागलं. २०१६मध्ये ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की हे मृत्यू बेकायदा होते आणि दोष समर्थकांचा नव्हता. ‘उभे राहणारे म्हणजे हुल्लडबाज’ असं कोणी म्हणालं तर हा निकाल त्याला जरूर सांगा. कठड्याच्या खुर्च्या असलेल्या परवानाधारक उभ्या जागांचा प्रयोग जानेवारी २०२२मध्ये पाच मैदानांवर सुरू झाला: चेल्सी, टॉटनहॅम, मँचेस्टर युनायटेड, मँचेस्टर सिटी आणि कार्डिफ. पुढच्या हंगामापासून इतरांनाही दार उघडलं. परवान्याची एक अट फार चांगली आहे. ही सोय यजमानांइतकीच पाहुण्यांच्या भागातही करावी लागते.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. धडधाकट असाल, एकटे किंवा मित्रांबरोबर असाल, तर कठड्याच्या खुर्च्यांचा ब्लॉक कोणता ते तिकीट काढतानाच विचारा आणि तोच घ्या. एरवीही उभंच राहायचं आहे, तर निदान सुरक्षित उभे राहा. गुडघे दुखत असतील, उंची कमी असेल किंवा बरोबर लहान मूल असेल, तर संकेतस्थळावर दिसेल ती खुर्ची उचलू नका. आपल्या क्लबच्या तिकीट कार्यालयाला फोन करा. काही क्लब मुलं आणि ज्येष्ठांसाठी पुढच्या रांगा किंवा एखादा कोपरा वेगळा ठेवतात. पहिल्या रांगेत पावसाची झड लागते, पण पुढे कोणी उभं नसतं, त्यामुळे बसून सामना दिसतो. अपंग समर्थकांसाठी स्वतंत्र जागा असतात आणि मदतनिसाचं तिकीट सहसा मोफत मिळतं, मात्र ते आधी मागावं लागतं. आईबाबा भारतातून भेटीला आलेत, त्यांना सामना दाखवायचा आहे? मग बाहेरगावच्या सामन्याचा हट्ट सोडा. घरच्या मैदानावर कुटुंबांसाठी राखलेल्या स्टँडमध्ये न्या, पैसे थोडे जास्त पडले तरी चालेल.

तिकीट मिळणं ही वेगळी लढाई. मोठ्या मैदानावर पाहुण्यांच्या वाट्याला लीगच्या सामन्याची साधारण ३,००० तिकिटं येतात आणि ती जुन्या, निष्ठेचे गुण साठवलेल्या सदस्यांना आधी जातात. सदस्यत्वाचे पैसे वर्षाला वेगळे. नवख्याला एफए कपच्या सामन्यात जास्त संधी, कारण तिथे पाहुण्यांना मैदानाच्या क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मिळू शकतात. मैदानाबाहेर कुजबुजत तिकीट विकणाऱ्याकडून काही घेऊ नका. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे आणि असं तिकीट फाटकावर रद्द ठरलं तर पैसे गेलेच.

उभ्याचा दर खरोखर कमी असतो तो खालच्या विभागांत, लीग वन आणि लीग टूमधल्या काही मैदानांवर. तिथे अजून जुनी टेरेस, म्हणजे खुर्च्या नसलेल्या काँक्रीटच्या पायऱ्या, शिल्लक आहेत. अशा ठिकाणी उभ्याचं तिकीट बसण्याच्या तिकिटापेक्षा काही पौंडांनी स्वस्त असतं. काही टेरेसवर छप्पर नाही, रेनकोट न्या. मधल्या चॅम्पियनशिप विभागात मात्र ३० पौंडांची मर्यादा लागू नाही, त्यामुळे तिथलं तिकीट कधी कधी प्रीमियर लीगहून महाग पडतं.

खिसा खरा रिकामा होतो तो प्रवासात. मँचेस्टर ते लंडन रेल्वेचं जाऊन-येऊन तिकीट ऐनवेळी काढलं तर शंभर पौंडांच्या वर जातं, आगाऊ काढलं तर बरंच कमी. पण आगाऊ तिकिटात एक खोच आहे. टीव्हीसाठी सामन्यांचे दिवस आणि वेळा बदलतात, शनिवारी दुपारी तीनचा सामना रविवारवर किंवा सोमवारी रात्रीवर जातो आणि आगाऊ तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. टीव्हीवरचे सामने जाहीर होईपर्यंत थांबा, मगच तिकीट काढा. १६ ते २५ वयाचं रेलकार्ड ३५ पौंडांना मिळतं आणि भाड्यात एक तृतीयांश सूट देतं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला पंचविशीनंतरही ते काढता येतं, हे एमएस्सी करणाऱ्या अनेकांना ठाऊकच नसतं. तिघे किंवा जास्त जण एकत्र जात असाल तर बऱ्याच रेल्वे कंपन्या रेलकार्डाशिवायही गटाला तेवढीच सूट देतात. समर्थक संघटनेची बस सगळ्यांत सोयीची: मैदानाजवळ सोडते, सामना संपला की तिथूनच उचलते. फक्त त्या बसमध्ये दारू नेणं कायद्याने मना आहे. मैदानातही बिअर जिन्याखालच्या दालनात प्यायची, खेळ दिसेल अशा ठिकाणी नाही.

पाठीवर लॅपटॉपची मोठी सॅक नको. बऱ्याच मैदानांवर ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत सोडत नाहीत आणि बाहेर ठेवायचे पैसे पडतात. रात्री आठचा सामना दहाच्या सुमारास संपतो. एफए कपची लढत अतिरिक्त वेळेत गेली तर साडेदहा, पेनल्टी लागल्या तर त्याहूनही उशीर. शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघा. ती चुकणार असेल तर हॉटेलची रात्र किंवा टॅक्सी तिकिटाहून महाग पडेल, आणि तो सामना सोडून पुढच्या शनिवारचा दुपारचा निवडलेला बरा.