माल नाकारणाऱ्यांविरुद्ध दाद कोठे मागावी? स्पर्धा आयोगाची ओळख

असे समजू या की कडावच्या बाजारात एखाद्या तरुणाने औषधांचे दुकान काढायचे ठरवले. डी. फार्म. पूर्ण आहे, गाळा घेतला, परवाना मिळाला, फ्रीज आणि कपाटे उभी राहिली. आता माल हवा म्हणून तो घाऊक विक्रेत्याकडे जातो, आणि त्याला सांगितले जाते, "आधी संघटनेचे ना-हरकत पत्र आणा." दुसऱ्या घाऊक विक्रेत्याकडेही तेच उत्तर, तिसऱ्याकडेही तेच. संघटनेकडे जावे तर ते म्हणतात, या भागात दुकाने पुरेशी आहेत. परवाना सरकारने दिला, पण धंदा करू द्यायचा की नाही हे इतर दुकानदार ठरवणार. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्या महिन्यापासून सुरू.

कडावात असे घडले आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु गोव्यात घडले, आणि तेथील काही औषध विक्रेत्यांनी गप्प न बसता दाद मागितली. व्यापारी बांधवांनी हे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण औषधाच्या जागी सिमेंट, खत, फरशी, कापड किंवा मोटारीचे सुटे भाग घातले तरी कायदा तोच लागतो.

गोव्याचे प्रकरण

वार्का हे दक्षिण गोव्यातील गाव. 'वार्का ड्रगिस्ट अँड केमिस्ट' आणि इतरांनी गोव्याच्या केमिस्ट अँड ड्रगिस्ट संघटनेविरुद्ध २००९ मध्ये तक्रार केली. संघटनेच्या संमतीशिवाय कंपन्यांनी नवा स्टॉकिस्ट नेमायचा नाही, घाऊक व किरकोळ विक्रेत्यांचा नफ्याचा दर संघटना म्हणेल तोच राहील, आणि जो ऐकणार नाही त्याच्यावर बहिष्कार, असा तो कारभार होता. तक्रार गेली ती जुन्या एम.आर.टी.पी. कमिशनकडे, म्हणजे १९६९ च्या मक्तेदारी कायद्याखालच्या आयोगाकडे. आमच्या ज्येष्ठ वाचकांना हे नाव आठवत असेल. त्या आयोगाकडे "हे थांबवा" असा हुकूम देण्यापलीकडे दंड करण्याची ताकद नव्हती.

त्याच वर्षी कायदा बदलला. स्पर्धा अधिनियम २००२ मधील मुख्य कलमे, म्हणजे संगनमताविरुद्धचे कलम ३ आणि वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्धचे कलम ४, २० मे २००९ पासून अमलात आली. जुना कायदा रद्द झाला आणि गोव्याची तक्रार नव्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे वर्ग झाली. ११ जून २०१२ रोजी आयोगाने संघटनेला दोषी ठरवले, त्या प्रथा बंद करण्यास सांगितले आणि दोन लाख रुपये दंड केला. रक्कम लहान वाटेल. दंड दोषी संस्थेच्या उत्पन्नाच्या प्रमाणात ठरतो आणि व्यापारी संघटनेचे उत्पन्न ते किती असणार? परंतु दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, आयोगाने याच संघटनेला बहिष्काराच्या दुसऱ्या प्रकरणात पुन्हा दोषी धरले आणि त्या वेळी दंड दहा लाखांच्या वर गेला.

या प्रकरणात तक्रारदार एखादी मोठी कंपनी नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कोणती गोष्ट गुन्हा, कोणती नाही

येथे बहुतेकांची गल्लत होते. आपल्यावर अन्याय झाला म्हणजे स्पर्धा कायदा मोडला, असे नाही. हा कायदा बाजाराचे रक्षण करतो. तुमचे नुकसान झाले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, बाजारातील स्पर्धा मारली गेली हे दाखवावे लागते.

एका घाऊक व्यापाऱ्याने तुम्हाला उधार नाकारली, तर तो त्याचा प्रश्न. दोन दुकानांचा भाव सारखा आहे एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण शेजारी काय भाव लावतो हे प्रत्येकजण पाहतच असतो. पण पाच विक्रेते एकत्र बसून भाव ठरवतात, किंवा "नेरळ तुझे, कडाव माझे" अशी गिऱ्हाईकांची वाटणी करतात, किंवा माल मुद्दाम कमी सोडतात, तेव्हा ते कलम ३ मध्ये येते. यासाठी लेखी करार लागत नाही. कायद्याच्या व्याख्येत तोंडी समजूतसुद्धा करारच आहे.

कंपनी आणि तिचा विक्रेता यांच्यातील काही अटीही याच कलमात येतात: एका मालाबरोबर दुसरा माल गळ्यात मारणे, अमुक कंपनीशिवाय दुसऱ्याचा माल ठेवू न देणे, ठरलेल्या भावाखाली विकण्यास बंदी. कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख आहे, तेव्हा खतविक्रेत्यांना 'लिंकिंग' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. युरियाच्या गोण्या हव्या असतील तर न खपणारी उत्पादनेही उचला, असा तो प्रकार. (लिंकिंगसाठी आधी कृषी खात्याकडे जावे, ते जवळचे आणि लवकरचे. एकाच कंपनीकडून संपूर्ण भागात सर्वच विक्रेत्यांवर सक्ती होत असेल तर आयोगाचा विचार करावा.) मात्र अशा अटी आपोआप बेकायदा ठरत नाहीत. त्यांचा स्पर्धेवर वाईट परिणाम होतो हे तक्रारदाराने दाखवावे लागते. भाव ठरवणे, बाजार वाटून घेणे आणि निविदांत संगनमत यांबाबत उलटे आहे. तेथे वाईट परिणाम होतो असे कायदा धरूनच चालतो.

कलम ४ मोठ्यांसाठी आहे. मोठे असणे हा दोष नव्हे, मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट बंद करणे हा दोष. गॅरेजवाल्या मिस्त्रींनी येथे मोटार कंपन्यांचे प्रकरण लक्षात ठेवावे. कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती फक्त आपल्या अधिकृत सर्व्हिस स्टेशनलाच देतात आणि बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत, अशी माहिती एका सामान्य व्यक्तीने २०११ मध्ये आयोगाला दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण स्वतंत्र गॅरेजला बाजारात जागा आहे हे तत्त्व त्यातून पुढे आले.

बिलाचे पैसे थकले, माल निकृष्ट निघाला, करार मोडला, या तक्रारी घेऊन आयोगाकडे जाऊ नये. त्या तेथे टिकत नाहीत आणि भरलेली फी वाया जाते. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या लहान कारागिराचे पैसे थकले असतील आणि त्याच्याकडे उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या कायद्याखाली सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जाता येते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण या वसुलीचा लाभ मिळत नाही. त्याला दिवाणी न्यायालयच. छापील किमतीपेक्षा जादा घेतल्याची तक्रार वैध मापन खात्याकडे करावी.

आपल्या पायाखालीही पाहावे

आता थोडे कडू. स्पर्धा कायदा फक्त बड्या कंपन्यांसाठी आहे असा समज आपल्याकडे आहे, आणि तो धोक्याचा आहे. गावातील दुकानदारांची, कारागिरांची, टेम्पोवाल्यांची संघटना बैठक घेते, भावपत्रक छापते आणि त्याखाली कमी भावात काम करणाऱ्याला दंड लावते. हेच ते कलम ३. बाहेरगावची गाडी येथे माल भरणार नाही, असा ठराव झाला तर तोही त्यातलाच. संघटनेने एकत्र येऊ नये असे कायदा म्हणत नाही. सरकारदरबारी गाऱ्हाणे मांडावे, प्रशिक्षण द्यावे, बाजाराच्या दिवशी जागेची व्यवस्था करावी, यात काहीच गैर नाही. भाव आणि बहिष्कार या दोन गोष्टींना मात्र हात लावू नये. पदाधिकाऱ्यांना वैयक्तिक दंड करण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

ठेकेदारांसाठी पुण्याचे उदाहरण पुरे. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाले, अशी तक्रार तेथील नागरिक चेतना मंचाने २०१५ मध्ये केली. एकाला काम मिळावे म्हणून बाकीच्यांनी नावापुरत्या निविदा भरल्या होत्या. फोनच्या नोंदींवरून धागे जुळले, २०१८ मध्ये दंड झाले, आणि ज्यांनी कबुली देऊन चौकशीस मदत केली त्यांना दंडात सवलत मिळाली. मित्राखातर 'सपोर्टचे टेंडर' भरून देणाऱ्याला आपण फक्त सही केली असे वाटते. कायदा त्याला भागीदार मानतो.

तक्रार कशी करावी

कायद्याच्या भाषेत ही 'तक्रार' नसून 'माहिती' असते. कलम १९ खाली कोणतीही व्यक्ती, ग्राहक, ग्राहक संघटना किंवा व्यापारी संघटना ती देऊ शकते. आयोग नवी दिल्लीत आहे. अलीकडच्या वर्षांत चेन्नई, कोलकाता आणि मुंबई येथे त्याची प्रादेशिक कार्यालये झाली आहेत, त्यामुळे कडावच्या माणसाला चौकशीसाठी मुंबईपलीकडे जाण्याचे कारण नाही. निकाल मात्र दिल्लीचा आयोगच देतो. माहिती ऑनलाइनही दाखल करता येते.

फी एकट्या व्यक्तीस पाच हजार रुपये आहे, सहकारी संस्था, ट्रस्ट व ग्राहक संघटनेसही तितकीच. दुकानाच्या वा फर्मच्या नावाने केल्यास उलाढालीप्रमाणे वाढत जाते. भरण्यापूर्वी चालू दर कार्यालयातून विचारून घ्यावा. वकीलच लागतो असे नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी वा कॉस्ट अकाउंटंट यांना नेमता येते.

खरी मेहनत कागदांची आहे. तोंडी नकार मिळाला की भांडून परत येऊ नका. दुसऱ्या दिवशी तीच मागणी लेखी करा, पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, सोबत पूर्ण रकमेची तयारी दाखवा, म्हणजे उधारीचे कारण पुढे करता येणार नाही. उत्तर आले तर उत्तम. आले नाही तर पोचपावती आहेच. हे एकाच विक्रेत्याकडे करून थांबू नये, तिघा-चौघांकडे करावे. सर्वांनी एकाच आठवड्यात एकाच कारणाने नाकारले तर संगनमत दिसू लागते. संघटनेचे परिपत्रक, ठरावाची प्रत, व्हॉट्सॲप गटातील संदेश, बहिष्काराआधीची बिले आणि नंतरचा रिकामा काळ, हे सर्व तारखेनुसार लावावे. ज्या फोनवर संदेश आले तो फोन विकू किंवा बदलू नये.

अर्जात दोन्ही बाजूंची नावे-पत्ते, घडलेल्या गोष्टी क्रमाने, कोणते कलम मोडले, काय आदेश हवा, आणि याच विषयावर कोर्टात काही चालू असल्यास त्याचा तपशील लिहावा. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर जोडावे. आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. पण गावात तुमचे एकच नवे दुकान असेल तर तक्रार कोणाची हे ओळखायला कोणाला वेळ लागणार? त्याचा विचार करून ठेवावा. खोटी माहिती देणाऱ्यास जबर दंड आहे, म्हणून ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी.

मुदतीकडे विशेष लक्ष द्या. २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटना घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल करावी लागते. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये.

पुढे काय होते

आयोग प्रथमदर्शनी तथ्य पाहतो. तथ्य नसेल तर प्रकरण बंद, असेल तर महासंचालकांकडे चौकशी. चौकशी संपेपर्यंत धंदा बुडेल अशी स्थिती असल्यास अंतरिम आदेश मागता येतो, आणि तो पहिल्याच अर्जासोबत मागावा. चौकशीचा अहवाल, दोन्ही बाजूंचे म्हणणे, सुनावणी आणि मग आदेश. आदेशाविरुद्ध साठ दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते, प्रकरण बंद केल्याच्या आदेशाविरुद्धही.

यास वेळ किती लागतो, हे सिमेंटच्या प्रकरणावरून समजावे. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने २०१० मध्ये सिमेंट कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. जून २०१२ मध्ये ६,३०० कोटींवर दंड झाला. सुनावणीतील दोषामुळे डिसेंबर २०१५ मध्ये तो आदेश अपिलात रद्द झाला, ऑगस्ट २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम राहिला, आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लहान प्रकरणे इतकी लांबत नाहीत, तरी वर्षांची तयारी ठेवावी.

दंडाची रक्कम सरकारजमा होते, तक्रारदाराला त्यातील एक पैसाही मिळत नाही. आपले नुकसान भरून हवे असेल तर आयोगाच्या निकालानंतर अपील न्यायाधिकरणाकडे नुकसानभरपाईचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तेथे नुकसानीचा हिशेब विचारला जातो. म्हणून माल बंद झाल्या दिवसापासून रोजची विक्री, परत गेलेले गिऱ्हाईक आणि दुरून आणलेल्या मालाचे जादा भाडे एका स्वतंत्र वहीत तारखेसह लिहीत जावे. भाड्याच्या पावत्या त्याच वहीला टाचून ठेवाव्यात.