परक्या गावात दोन वर्षे

मंडळी, आज आपण एका दूरच्या देशाची माहिती घेऊ. त्या देशाचे नाव रुमानिया. हा देश युरोप खंडात आहे. या देशात परदेशांतून पुष्कळ माणसे सेवेसाठी गेली. त्यांत काही नवराबायकोच्या जोड्याही होत्या. अशी जोडी तेथे कशी राहत असे, काय खात असे, काय काम करत असे, ते या धड्यात वाचू. ही कोणा एका जोडीची गोष्ट नव्हे. अनेक जोड्यांचे दिवस साधारण असेच गेले.

देश कसा आहे?

रुमानियाची राजधानी बुखारेस्ट. दक्षिणेच्या सीमेवरून डॅन्यूब नावाची मोठी नदी वाहते. ती पुढे काळ्या समुद्राला मिळते. देशाच्या मधोमध कार्पेथियन नावाचे डोंगर आहेत. ही रांग विळ्यासारखी वळलेली आहे. डोंगरात दाट जंगल आहे. त्यात अस्वले आहेत, लांडगे आहेत. सपाटीवर गहू, मका आणि सूर्यफूल पिकते. टेकड्यांच्या उतारावर आलुबुखाराच्या आणि द्राक्षांच्या बागा आहेत. हिवाळ्यात बर्फ पडते. नळाचे पाणीसुद्धा गोठते.

सन २०२१ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ९० लाख भरली. म्हणजे देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा माणसांनी पुष्कळ लहान आहे.

बाहेरची माणसे तेथे का गेली?

सन १९६५ पासून १९८९ पर्यंत या देशावर निकोलाय चाउशेस्कू यांची सत्ता होती. देशाची लोकसंख्या वाढली पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. म्हणून सन १९६६ मध्ये सरकारने गर्भपातावर बंदी घातली. संततिनियमनाची साधनेही मिळेनाशी झाली. मुले झाली, पण घरात त्यांना पोसण्याइतके नव्हते. मग आईबापांनी पुष्कळ मुले सरकारी बालगृहांत ठेवली.

डिसेंबर १९८९ मध्ये लोकांनी उठाव केला आणि ती राजवट गेली. तेव्हा बाहेरच्या जगाला या बालगृहांची हकीगत कळली. सुमारे एक लाख मुले अशा गृहांत होती. खायला कमी, खोल्या थंड. एकेका बाईकडे इतकी मुले, की कोणाला जवळ घ्यायला तिला सवड नव्हती.

हे कळल्यावर देशोदेशींहून मदत आली. मोटारी भरभरून कपडे आले, औषधे आली, खेळणी आली. त्या सामानाची गरज होतीच. पण लेकराला खेळण्याच्या आधी मांडी लागते. रोज जवळ घेणारे, नावाने हाक मारणारे माणूस लागते. ते माणूस मोटारीत भरून पाठवता येत नाही. त्याला स्वतः तेथे जाऊन राहावे लागते.

अमेरिकेत ‘पीस कोअर’ नावाची सरकारी सेवायोजना सन १९६१ मध्ये सुरू झाली. तिचे स्वयंसेवक भारतातही सन १९६१ ते १९७६ या काळात होते. सन १९९१ मध्ये ही योजना रुमानियात गेली. पहिल्या तुकडीने बालगृहांत काम केले. पुढे स्वयंसेवक शाळांतून इंग्रजी शिकवू लागले, गावच्या संस्थांना मदत करू लागले. सन २०१३ मध्ये ही योजना तेथून परत आली.

दोघांनाही काम

या योजनेत नवराबायको बरोबर जाऊ शकत. मात्र एक अट होती. दोघांनाही आपापले काम आले पाहिजे. नवऱ्याला काम आणि बायको नुसती सोबत, असे चालत नसे. उलटही चालत नसे. एक जण शाळेत शिकवी, तर दुसरे एखाद्या संस्थेत काम करी. गाव मात्र एकच असे.

मुदत सव्वादोन वर्षांची. त्यातले पहिले जवळजवळ तीन महिने शिकण्याचे. नंतरची दोन वर्षे कामाची. पगार असा नसे. गावातल्या साध्या माणसाप्रमाणे राहता येईल, इतका खर्च मिळे. तोही तेथल्या नाण्यात. रुमानियाच्या नाण्याला लेऊ म्हणतात. जवळ स्वतःची मोटार नसे. गावकरी जसे बसने, आगगाडीने किंवा पायी जात, तसेच यांनीही जायचे.

मोठेपणी पाटी हातात

शिकण्याच्या त्या तीन महिन्यांत ही जोडी एखाद्या रुमानियन कुटुंबात राही. सकाळी वर्गात भाषा शिकायची आणि संध्याकाळी घरात ती बोलून पाहायची.

वाचकहो, यांची स्थिती तुम्हांला चांगली समजेल. आपल्या देशात ही माणसे शिकलेली, पदवीधर. इथे मात्र दुकानावरची पाटी कळेना, बसचा फलक कळेना. औषधाची बाटली हातात घेतली, तर त्यावर काय लिहिले आहे ते कळेना. मीठ मागायचे, तर तोंडाने सांगता येईना. घरातले पाच वर्षांचे पोर यांच्या चुका सुधारी आणि खुदकन हसे. मोठ्या माणसाला हे हसणे सोसावे लागते. जो सोसतो, तो शिकतो. जो लाजून गप्प बसतो, त्याची भाषा तेथेच अडते.

त्यांची लिपी रोमन आहे. पण काही अक्षरांना चिन्हे जोडलेली असतात. ‘स’ च्या अक्षराखाली लहानशी शेपटी काढली, की त्याचा ‘श’ होतो. शेपटी विसरली, की शब्द बदलतो. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत वेलांटीने फरक पडतो ना? तसेच ते.

गंमत अशी की, त्यांची भाषा आणि आपली मराठी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, लांबच्या नात्यातल्या आहेत. आपण दोन म्हणतो, ते ‘दोय’ म्हणतात. आपण तीन म्हणतो, ते ‘त्रेय’ म्हणतात. सातला ‘शाप्ते’ म्हणतात. आपल्या संस्कृतातला ‘सप्त’ शब्द आठवा म्हणजे नाते ध्यानात येईल.

आणखी एक अडचण असे. दोघांपैकी एकाला भाषा लवकर येई, दुसऱ्याला उशिरा. मग काय होई? ज्याला येते, तोच दुकानात बोले, शेजाऱ्यांशी बोले. दुसरे माणूस मागे उभे राही. महिनाभर असे चालले, की मागच्याच्या मनात सल बसे. घरी आल्यावर लहानशा कारणावरून खटका उडे. परक्या गावात रुसून जायला माहेर नाही, बोलायला मित्र नाही. म्हणून समजूतदार जोड्या कामे वाटून घेत. आज बाजार तू कर, उद्या मी करीन. एकाने दुसऱ्याच्या तोंडचा शब्द घ्यायचा नाही, मग तो कितीही अडखळो. तो शब्द त्याचा त्यालाच सापडू द्यायचा.

घर आणि जेवण

शहरात त्यांना राहायला सिमेंटच्या उंच इमारतीत दोन खोल्या मिळत. अशा इमारतीला तेथे ‘ब्लॉक’ म्हणतात. आपल्या मुंबईतही हा शब्द आहेच. खेड्यात अंगणाचे बैठे घर मिळे. अंगणात कोंबड्या, मागे भाजीचा वाफा, कोठे विहीर. रस्त्यावरून मोटारींबरोबर घोड्याच्या गाड्याही जात. जुन्या घरात थंडीसाठी भाजक्या मातीच्या फरशांनी मढवलेली मोठी शेगडी असते. तिला लाकूड लागते. ते उन्हाळ्यातच फोडून रचून ठेवावे लागते. जो आळस करील, त्याला जानेवारीत कुडकुडत बसावे लागते.

तेथल्या एका पदार्थाचे नाव ‘ममालिगा’. उकळत्या मिठाच्या पाण्यात मक्याचे पीठ घालून ढवळत राहायचे. घट्ट झाले, की पाटावर ओतायचे. पूर्वापार ते सुरीने नव्हे, दोऱ्याने कापतात. आपल्याकडच्या घाट्यासारखाच प्रकार. बरोबर चीज आणि आंबट साय घेतात. ‘चोर्बा’ म्हणजे आंबट कढण. ते रोजच्या जेवणात असते. ‘सर्माले’ हा सणावाराचा पदार्थ. आंबवलेल्या कोबीच्या पानात खिमा आणि तांदूळ भरून गुंडाळी करतात आणि मंद आचेवर शिजवतात.

पावसाळा तोंडावर आला, की आपल्या बाया पापड, लोणची, कुरडया करून ठेवतात. तेथे ही धांदल हिवाळ्याच्या आधी उडते. अख्खे कोबी मिठाच्या पाण्यात पिंपात बुडवून ठेवतात. वांगी आणि मिरच्या भाजून, कुटून बरण्या भरतात. या कामाला शेजारच्या बाया एकत्र बसतात. परदेशी जोडीचा खरा वर्ग येथे भरे. वांगी सोलता सोलता शब्द येत, गावच्या बातम्या कळत, कोणाच्या घरी आजारपण आहे तेही कळे.

शाकाहारी माणसाचे तेथे कसे होते? तर त्यांच्यात उपास असतात. बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. उपासाला ते ‘पोस्त’ म्हणतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध वर्ज्य. तेव्हा ‘पोस्तचे जेवण द्या’ म्हटले, की काम भागते.

गावची रीत

गावात राहायचे, तर रीत कळली पाहिजे. घरात शिरताना पुष्कळ ठिकाणी जोडे काढतात. वडील बाईला भेटल्यावर ‘सारूत मना’ म्हणतात. म्हणजे ‘तुमच्या हाताचे चुंबन घेतो’. हा आपल्या नमस्कारासारखा मान आहे. कोणाकडे फुले न्यायची, तर तीन, पाच, सात अशी विषम न्यायची. सम संख्येची फुले अंत्यविधीला नेतात. नव्या माणसाने चार फुले नेली, तर घरधनीण दचकते.

समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या, की म्हातारी माणसे रागावतात. वाऱ्याच्या झोताने आजार येतो, अशी त्यांची समजूत आहे. परदेशी माणसाला ती पटली नाही, तरी तो उठून एक खिडकी लावी. तेवढ्याने आजीचे समाधान होई, आणि आपले काय जाते?

१ मार्चला लाल आणि पांढऱ्या दोऱ्याचा पीळ देतात. त्याला ‘मर्त्सिशोर’ म्हणतात. वसंत आल्याची ती खूण. ज्या वर्षी शाळेतली मुले आपण होऊन बाईंच्या टेबलावर असे दोरे आणून ठेवीत, त्या वर्षी बाईंना कळे की आता आपण पाहुणे राहिलो नाही.

काम कोणाचे?

आता मुख्य गोष्ट ऐका. समजा, या जोडीला वाटले की गावात मुलांसाठी वाचनालय हवे. दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग : आपल्या देशातून पैसे आणायचे, पुस्तके आणायची, आपणच कपाट लावायचे, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. काम सहा महिन्यांत उभे राहते. छायाचित्र छान येते. पण दोन वर्षांनी ही जोडी जाते, आणि कपाटाला कुलूप लागते.

दुसरा मार्ग : गावातल्या मास्तरांना, बायांना, पंचांना विचारायचे. तुम्हांला काय हवे? कदाचित ते म्हणतील, वाचनालय नंतर पाहू. आमच्या मुलांना संध्याकाळी बसायला जागा नाही, ती आधी पाहू.

असे का म्हणतील? त्याचे कारण आहे. रुमानिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात गेला. त्याच्या आधीपासूनच लाखो माणसे कामासाठी इटली आणि स्पेनमध्ये जाऊ लागली होती. बांधकाम, शेतमजुरी, म्हाताऱ्यांची सेवा, असली कामे. पैसे घरी येत, पण आईबाप दूर. मुले आजीआजोबांपाशी. ऊसतोडीला गेलेल्या माणसांची मुले आपल्या गावात कशी राहतात, ते तुम्ही पाहिले आहे. तसेच हे.

हा दुसरा मार्ग हळू चालतो. सभा होतात, माणसे येत नाहीत, पुन्हा सभा होते. एक वर्ष असेच जाते. पण किल्ली पहिल्या दिवसापासून गावातल्या माणसाच्या हाती असते. म्हणून स्वयंसेवकाला गावातला एक सोबती नेमून देत. सोबत्याने शिकवायचे गाव, आणि स्वयंसेवकाने शिकवायचे आपल्याला येते ते. स्वयंसेवक गेला, तरी सोबती गावातच असतो.

पुढे काय झाले?

मोठी जुनी बालगृहे पुढे बहुतेक बंद झाली. पुष्कळ मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत घरे मिळाली. हे काम तेथल्याच लोकांनी, तेथल्याच सरकारने आणि संस्थांनी पुढे नेले. सगळे दुःख संपले असे नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शेजारच्या युक्रेन देशावर रशियाने मोठा हल्ला केला. हजारो बाया मुलांना घेऊन सीमा ओलांडून रुमानियात आल्या. सिरेत येथील नाक्यावर बर्फात रुमानियाची साधी माणसे गरम चहा, कढण, पांघरुणे घेऊन उभी राहिली. कित्येकांनी परक्या कुटुंबांना आपल्या घरात जागा दिली. ज्या देशात बत्तीस वर्षांपूर्वी बाहेरून मदत येत होती, तो देश आता दुसऱ्याला हात देत होता.

तुमच्याही गावात बाहेरची माणसे येतात. नवी शिक्षिका येते, परिचारिका येते, दूरच्या राज्यातला मजूर येतो. त्यांनाही पहिले काही महिने शब्द सापडत नाहीत, वाट सापडत नाही. त्यांना जेवायला बोलवा. त्यांच्या चुकलेल्या शब्दाला हसा, पण बरोबर शब्दही सांगा. आणि कामासाठी तुम्ही परगावी गेलात, तर आधी तेथल्या माणसांचे ऐका.

प्रश्न

१. बालगृहांतील मुलांना सामानाशिवाय आणखी कशाची गरज होती?

२. नवराबायकोंपैकी एकाला भाषा लवकर आली, तर कोणती अडचण येई? ती कशी सोडवत?

३. वाचनालयाची किल्ली कोणाच्या हाती असावी? का?

४. तुमच्या गावात बाहेरून आलेले कोण राहते? त्यांच्या भाषेतले पाच शब्द त्यांना विचारून वहीत लिहा.