अंगावरून वारे जाणे

अर्धांगवायूला आपण ‘अंगावरून वारे गेले’ म्हणतो. पण यात वाऱ्याचा संबंध नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते अथवा फुटते, आणि मुळाशी बहुधा वाढलेला रक्तदाब असतो. (आपल्या इंदुरी शेवेतील मीठही त्यास हातभार लावते!) ‘सर्च’ संस्थेने २०११ ते २०१३ या काळात गडचिरोलीच्या ८६ खेड्यांत पाहणी केली, तेव्हा दर सात मृत्यूंत एक याच विकाराचा निघाला, बहुतेक रोगी घरीच दगावले होते. तेथे इस्पितळ दूर. राजेंद्र नगरात ती सबब चालणार नाही. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की तेल चोळीत बसू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तत्पूर्वी डोक्याचे स्कॅन व्हावे लागते. इस्पितळाचे बिल एकदा चुकते होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसापायी घरातील दुसऱ्याचीही कमाई थांबते.