नवा जनरेटर : पहिले वीस तास सांभाळा



दर अंकात आपण लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गट ऑफिसला येणारे सभासद अलीकडे विचारतात, "साहेब, दूध काढायच्या मशीनसाठी छोटा जनरेटर घेतलाय, त्याचं काय काय बघायचं?" मी काही मेकॅनिक नव्हे, पण ठेच खाऊन शहाणा झालेला माणूस आहे.

आमच्या घरी असाच पेट्रोलवरचा जनरेटर आणला. पहिला महिनाभर त्यावर फक्त चार एलईडी दिवे लावले. वाटले, नवीन आहे, जपून वापरावा. पहिले ऑईलही बदलले नाही, कारण ते डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. दुसऱ्या हंगामात सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला आणि इंजिन ऑईल पिऊ लागले. मेकॅनिकने खोलले तर सिलिंडर आतून आरशासारखा गुळगुळीत, रिंगा बसलेल्याच नाहीत. म्हणजे जपण्याच्या नादात मीच इंजिन घालवले होते.

असे का होते?

नव्या सिलिंडरच्या आतल्या बाजूस बारीक तिरक्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात. त्या रेघांवर घासून पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या मापाला बसतात. त्यासाठी आतल्या स्फोटाचा दाब रिंगांवर पडावा लागतो आणि तो दाब भार असल्याशिवाय मिळत नाही. भार फारच कमी असेल तर रेघांवर जळक्या ऑईलचा चकचकीत थर बसतो व रिंगा कायमच्या सैल राहतात. उलट पहिल्याच दिवशी पुरा भार दिला तर नवे भाग जास्त तापतात आणि पिस्टन ओरखडतो.

आपल्याला हे नवे नाही. नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी ऊस भरलेल्या गाडीला आपण जुंपत नाही. पण महिनाभर नुसता दावणीला बांधून ठेवला तरी तो कामाला येत नाही. आधी रिकामी गाडी, मग निम्मी, मग भरलेली. इंजिनाचेही तसेच.

पहिल्यांदा चालू करताना

१) ऑईल स्वतः बघा. बरेच नवे जनरेटर वाहतुकीसाठी ऑईलविना पाठवतात. दुकानदार "घातलंय" म्हणाला तरी सेट सपाट जागेवर ठेवून पट्टी तपासा. पुस्तिकेत दिलेल्याच ग्रेडचे ऑईल घाला. छोट्या इंजिनाला साधारण अर्धा लिटर लागते.

२) फोर स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचे नाही.

३) चार-पाच मिनिटे भाराविना गरम होऊ द्या. मग पाव भार, थोड्या वेळाने निम्मा. २००० वॉटचा सेट असेल तर आधी ५०० वॉट, मग १००० वॉट. पाणी तापवायचा १००० वॉटचा हीटर यासाठी सोयीचा. तो पाण्यात बुडवूनच लावा.

४) पहिल्या २० तासांत भार कमी-जास्त करत राहा, पण पाऊण भाराच्या वर जाऊ नका. बंद करण्याआधी दोन-तीन मिनिटे भार काढून चालू ठेवा. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर पुस्तिकेचेच ऐका.

५) गव्हर्नरच्या स्क्रूला हात लावू नका. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी साध्या जनरेटरचे इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते. ते बदलले तर मशीनची मोटार जळेल.

६) मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. म्हणून आधी मोटार चालू करा, दिवे मागून लावा.

पहिले ऑईल बदलाच

२० तास झाले की इंजिन गरम असतानाच ऑईल काढा. भांड्यात उन्हात धरून बघा, चांदीसारखी चकाकी दिसेल. ती रिंगा बसताना झिजलेल्या धातूची पूड असते. बहुतेक छोट्या इंजिनांना ऑईल फिल्टर नसतो, त्यामुळे ही पूड तशीच फिरत राहून बेअरिंग खाते.

पुढचे वेळापत्रक

रोज : ऑईलची पातळी.
५० तासांनी : एअर फिल्टर. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा, थोडे ऑईल लावून पिळून बसवा. धुळीत किंवा पाचटाच्या राखेजवळ याहून लवकर. (पाचट जाळू नका, हे वेगळे सांगायला नको!)
१०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी : ऑईल बदल व प्लग साफ. प्लग विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर आधी फिल्टर बघा. ऑईलने ओला असेल तर मेकॅनिकला दाखवा.

तासांची नोंद ठेवायला एक वही दोऱ्याने जनरेटरलाच बांधा.

पेट्रोल साठवू नका

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे, ही अभिमानाची गोष्ट. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. महिनाभर सेट लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करा.

दोन गोष्टी जिवाच्या

जनरेटर गोठ्यात, खोलीत किंवा बंद पडवीत कधीही चालवू नका. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठत नाही आणि दावणीची जनावरेही जातात. सेट उघड्यावर, वारा घरापासून दूर जाईल असा ठेवा.

दुसरे, जनरेटरची वायर घरातल्या प्लगमध्ये उलटी खुपसू नका. ती वीज उलटी डीपीत जाते, तिथे ११ हजार व्होल्ट होऊन तारेवर चढते आणि लाईट गेली म्हणून खांबावर चढलेला वायरमन मरतो. तो आपल्याच गावचा कुणाचा तरी मुलगा असतो. परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या.

फवारणीच्या एचटीपी पंपाचे किंवा पॉवर विडरचे नवे फोर स्ट्रोक इंजिन असेल तर त्यालाही धीम्या सुरुवातीचा, पहिल्या ऑईलचा व फिल्टरचा हाच नियम धरा. अर्धा लिटर ऑईल आणि वीस तासांची सवड, एवढाच खर्च आहे. तो मी वाचवला आणि इंजिन गमावले. तुम्ही तसे करू नका.

आपला,
ऊस विकास अधिकारी